मंचावरचा होकार

"तो भारावलेला क्षण उपस्थितांपैकी कोणीही विसरू शकणार नाही. जन्मापासून नीरव अंधारात चाचपडणाऱ्या चिरंजीव माधवच्या कानाला यंत्र लावून आमचे तत्कालीन अध्यक्ष त्याच्यापुढे वाकले आणि म्हणाले, 'बाळ, ऐकू येतं का?' माधवने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांतून आनंदाश्रू ओघळले. त्याने आयुष्यात ऐकलेला पहिला शब्द आमच्या अध्यक्षांच्या मुखातला होता."

हा उतारा आमच्या भागातील एका सेवाभावी क्लबने नुकत्याच काढलेल्या स्मरणिकेतील आहे. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. त्यातला चिरंजीव माधव म्हणजे मी. मी अद्याप जिवंत आहे, माझा दूरध्वनी क्रमांक क्लबकडे आहे, आणि तरीही हा परिच्छेद छापण्यापूर्वी मला विचारावे असे कोणाला वाटले नाही. अंधार नीरव असतो की नसतो हा वाद मी सोडून देतो. माझे डोळे उत्तम होते एवढेच नोंदवतो. जन्मतः बहिराही मी नव्हतो. चार वर्षांचा असताना एका तापातून उठलो तो कान गमावून उठलो. पूर्ण नव्हे. गणपतीतला ढोल मला ऐकू येई, म्हणजे छातीत जाणवे. बाकीचे जग काचेपलीकडे होते.

स्मरणिकेचा संपादक हा त्या अध्यक्षांचा नातू. संगणक कंपनीत मोठ्या पदावर आहे, स्वभावाने चांगला आहे. मी त्याला दूरध्वनी केला.

"काका, इतकी इमोशनल स्टोरी आहे! लोक रिलेट करतील हो."

"गोष्ट छान आहे, हे मान्य," मी म्हणालो. "ती घडलेली नाही, एवढीच अडचण आहे."

"पण फोटो आहे ना काका. तुम्ही मान हलवताय, क्लिअर दिसतंय."

"मान मी हलवली होती. ऐकले नव्हते."

"आता इतक्या वर्षांनी कशाला? पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे. मी स्टेजवर हा पॅरा वाचणार, तुम्ही फक्त हो म्हणायचं."

फक्त हो म्हणायचे! त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही की मला भांडखोर म्हणणाऱ्या सगळ्यांनी आजवर ज्याबद्दल बोटे मोडली, त्या माझ्या स्वभावाचे मूळ नेमके या 'फक्त हो'मध्ये आहे. म्हणून हे प्रकरण लिहितो आहे.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. वडील एका छापखान्यात मुद्रिते तपासत. घरीही कामाचे कागद आणत आणि खिडकीजवळ पाट टाकून, हातात पितळी मुठीचे भिंग धरून, ओळीओळीवरून ते फिरवत. अक्षर उलटे पडले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. ती आठी मला लांबूनही वाचता येई, कारण मी सगळ्यांचे चेहरेच वाचत असे. हे काम खरे तर दोघांचे. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेला ताडायचा. वडिलांना घरी जोडीदार नव्हता. मी शेजारी बसे, पण ताडण्यासाठी ऐकावे लागते. आई स्वयंपाकघरातून काही सांगायचे असले की हातातला उलथना ताटावर न आपटता पुढे येऊन माझ्या खांद्याला हात लावी, माझे तोंड आपल्याकडे वळवी आणि मग बोले. तिच्या हाताला नेहमी हिंगाचा वास असे. आजही हिंगाची डबी उघडली की कोणीतरी आपल्याशी आता बोलणार आहे असे मला क्षणभर वाटते.

बहिऱ्या मुलाचे पहिले कौशल्य ऐकणे हे नसते. होकार देणे हे असते. समोरचा काही विचारतो, त्याच्या भुवया वर जातात, चेहरा उत्तराची वाट पाहतो. अशा वेळी पुन्हा विचारा म्हटले की त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा उमटतो. मान डोलावली की तो हसतो आणि पुढे जातो. मी दिवसातून पन्नास वेळा मान डोलावत असे. गल्लीतली पोरे याचा फायदा घेत. "माध्या, तू गाढव आहेस ना?" असे हसत विचारत, मी हसत होकार देई, आणि मग सगळी गल्ली हसे. शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवत, त्यामुळे त्यांचे ओठ मला दिसत नसत. सहावीच्या शेवटी मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून घेतले. "मुलगा हुशार आहे, पण वर्गात बसून उपयोग नाही. कानाचं काही झालं तर सातवीत ठेवतो. नाहीतर घेऊन जा." वडील घरी आले आणि हे त्यांनी मला एका कागदावर लिहून दाखवले. छापायला देतात तशा सुवाच्य अक्षरात.

त्याच उन्हाळ्यात क्लबने मुलांसाठी कानाची तपासणी ठेवली. रक्तदान, चष्मे, वह्यापुस्तकांची पेढी, मांजरी गावाच्या शाळेत पाण्याची टाकी, अशी त्यांची कामे बाराही महिने चालत. मी पुढे अनेक संस्था पाहिल्या. आपल्या सुट्टीचा वार दुसऱ्याच्या मुलांवर घालवणारी माणसे त्या क्लबात जितकी पाहिली तितकी अन्यत्र पाहिली नाहीत, आणि माझे भांडण त्यांच्याशी मुळीच नाही. तपासणीत अठरा मुले निवडली गेली. त्यांत मी होतो. अट एक होती: महिन्याने पुन्हा तपासणी व्हायची, आणि जे मूल यंत्र वापरत नाही असे दिसेल त्याचे यंत्र काढून यादीतल्या पुढच्या मुलाला द्यायचे. अट योग्यच होती. यादी लांब होती.

समारंभ टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात, शुक्रवारी दुपारी चारला. आई नऊवारी नेसून आली होती. वडिलांना छापखान्यातून सुटता आले नाही. मंचावर आम्ही अठराजण उंचीप्रमाणे उभे होतो. मी सर्वांत उंच, म्हणून शेवटचा. समोर टेबलावर मोठे तबक होते. त्यात नारळ, पेढ्यांचे पुडे आणि क्लबचा शिक्का मारलेली तपकिरी पाकिटे रचून ठेवली होती. अध्यक्षसाहेब उंचेपुरे, पांढऱ्या सुटातले. ते एकेकाजवळ येत, शर्टाच्या खिशात डबी ठेवत, तिची वायर वर घेऊन कानात बोंड बसवत, वाकून काही विचारत. मूल मान डोलावी. खालचे लोक टाळ्या वाजवत. ते मला हातांच्या हालचालींवरून दिसे. एक, दोन, सात, बारा, सतरा. प्रत्येकाने मान डोलावली. मी एकेक मान मोजत होतो. त्या सतरांना ऐकू आले होते आणि आता माझी पाळी होती.

साहेब वाकले. त्यांच्या मिशीखालचे ओठ हलले. "बाळ, ऐकू येतं का?" मी ते वाचले. कानात काहीही नव्हते. वारासुद्धा नव्हता. उलट बोंडामुळे उरलेसुरलेही बंद झाले होते. मी साहेबांकडे पाहिले. भुवया वर, चेहरा आनंदाने वाट पाहणारा. मी आईकडे पाहिले. ती पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून उभी राहिली होती. सतरांना आले आणि मला आले नाही, याचा अर्थ माझे कान कायमचे गेले, सातवी गेली. हे मला समजले, आणि मी मान डोलावली. छायाचित्रात माझ्या गालांवर जे पाणी आहे ते या कारणाने आहे. त्याला आनंदाश्रू म्हणणाऱ्याने निदान एकदा मला विचारायला हवे होते.

नंतर तबकातले सामान वाटले गेले. चिटणीसांनी ध्वनिक्षेपकावरून इंग्रजीमिश्रित बऱ्याच सूचना केल्या, असे आईने पुढे सांगितले. तिला त्यांतले काही कळले नाही आणि ती रडत असल्यामुळे तिने ऐकलेही नाही. घरी येऊन तिने नारळ, पेढे आणि पाकीट देव्हाऱ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी नारळ फोडला, पेढे शेजारी वाटले. पाकिटावर शिक्का होता, ते मानाने मिळाले होते, म्हणून ते देवापुढेच राहिले. रोज त्यावर फूल चढे, कुंकवाचा ठिपका पडे. यंत्राला ती कोणाला हात लावू देईना. वडिलांनी एकदा डबी उघडून पाहण्यासाठी हात पुढे केला तर म्हणाली, "अहो, नाजूक वस्तू आहे. तुमच्या शाईच्या हातांनी नको."

नऊ दिवस मी ते यंत्र घालून वावरलो. आईने माझ्या बंडीला खास खिसा शिवला. ती सकाळी विचारी, "आज ऐकू येतंय ना रे?" आणि मी मान डोलावी. तिने त्या आठवड्यात गोडाचा शिरा दोनदा केला. मला तो गिळवत नसे. महिन्याने तपासणी व्हायची होती. तेव्हा सगळे उघडे पडणार होते, आणि मी दिवस मोजत होतो.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, वसुधाताई आली. क्लबने कॉलेजच्या मुलामुलींचे एक युवक मंडळ काढले होते; ती त्यात होती. कर्वेनगरला कॉलेजात शिकत होती. सायकलवरून, खांद्याला शबनम पिशवी लावून आली. तिला कोणी पाठवले नव्हते. यादीतले पत्ते उतरवून घेऊन ती स्वतःच मुलांची चौकशी करत निघाली होती, आणि तिच्या वाटेवर पहिले घर आमचे होते. आईने कौतुकाने तिला चहा दिला आणि म्हणाली, "अगं, सगळं ऐकतो हो आता. विचार ना त्याला."

वसुधाताई माझ्यासमोर पाटावर बसली. हसली. मग तिने असे काही केले जे त्या मंचावर कोणालाही सुचले नव्हते. शेजारी पडलेले वर्तमानपत्र उचलले, आपल्या तोंडापुढे उघडे धरले, आणि कागदाआडून काही विचारले. तिचे फक्त डोळे दिसत होते. भुवया वर गेल्या. मी मान डोलावली.

वर्तमानपत्र खाली आले. आईचा चेहरा पडलेला मी पाहिला. तिने पुढे मला अनेकदा सांगितले, वसुधाताईने विचारले होते, "तुझं नाव काय?"

मला वाटले, संपले. आता ही डबी नेणार. ती माझ्या खिशातून डबी काढतही होती. तिने पाठीमागचे झाकण नखाने उघडले, आत पाहिले, आणि आईकडे वळून काही बोलली. हे बोलणे आईच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला पाठ आहे.

"काकू, यात सेल कुठे आहे?"

"कसला सेल?"

"बॅटरीचा हो. तपकिरी पाकिटात दिला होता ना? सेल आत राहिले तर उतरतात, म्हणून वेगळे ठेवले होते."

आई जागच्या जागी बसली. मग उठली, देव्हाऱ्यापाशी गेली, पाकिटावरचे जास्वंदीचे फूल बाजूला केले आणि ते पाकीट दोन्ही हातांनी आणून तिच्या पुढ्यात ठेवले. त्याचे तोंड बंद होते. त्यावर कुंकवाचे नऊ ठिपके होते. वसुधाताईने ते ठिपके पाहिले आणि ती हसली नाही. मला तिच्याबद्दल जो आदर आहे त्याची सुरुवात त्या न हसण्यापासून होते. तिने पाकीट कपाळाला लावले, मग फोडले, सेल बसवला, डबीवरचे आवाजाचे चाक अगदी खालपर्यंत फिरवले आणि बोंड माझ्या कानात घातले. आईला तिने खुणेने काही सांगितले. आई चुलीकडे वळली. आमटीची फोडणी राहिली होती. तेल तापले होते. आईने मोहरी टाकली. वसुधाताईचे बोट डबीवरचे चाक हळूहळू वर नेऊ लागले.

जे झाले ते लिहिण्यासाठी मला आज एवढी वर्षे लिहूनही शब्द कमी पडतात. मोहरी तेलात उडते हे मी जन्मभर पाहिले होते. ती काही म्हणते हे मला माहीत नव्हते. आधी दूर कोठेतरी कोणी कागद चुरगळावा तसे काही झाले; मग ते जवळ आले, मग माझ्या डोक्याच्या आत आले, आणि प्रत्येक दाणा निराळा उडाला. कढीपत्ता पडला तेव्हा मी घाबरून भिंतीला टेकलो. भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मी वळलो तर माझ्या बंडीचा आवाज झाला. मी काहीही केले की ते ऐकू येत होते! जगात एवढी गर्दी आहे आणि सगळे लोक तिच्यात शांतपणे वावरतात, याचे मला इतके आश्चर्य वाटले की मी तोंड उघडे टाकून बसलो. खिडकीत पारवे घुमत होते. नळाखाली घागर भरत होती आणि भरता भरता तिचा आवाज बारीक होत जात होता. पाणी वर चढते ते ऐकू येते, हे कोणी मला सांगितले नव्हते. वडील खिडकीजवळ बसले होते. त्यांनी कागद उलटला. त्या उलटणाऱ्या कागदाइतका सुंदर आवाज मला अजून मिळालेला नाही.

वसुधाताईने वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरले.

"तुझं नाव काय?"

"माधव," मी म्हणालो, आणि माझाच आवाज ऐकून दचकलो.

त्या दिवशी आई दुपारी भांडी लावताना गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला माहीत नव्हते. मी मागे उभा राहून ऐकत होतो. तिने वळून पाहिले, मला ऐकू येते आहे हे तिच्या लक्षात आले, आणि ती लाजून गप्प झाली. मी म्हणालो, "थांबू नकोस." माझ्या आठवणीत, न विचारता मी तिला सांगितलेली ती पहिली गोष्ट.

आमच्या घरून निघालेली वसुधाताई संध्याकाळपर्यंत इतर घरे फिरली. बहुतेक ठिकाणी वडिलांनी, काकांनी पाकीट फोडून सेल बसवले होते. दोन घरी बसवले नव्हते, आणि ती दोन्ही मुलेही घरच्यांना रोज हो म्हणत होती. तिने हे क्लबच्या साप्ताहिक बैठकीत उभे राहून सांगितले. ते तिने मला पुढे, मी कॉलेजात असताना सांगितले. बैठकीची घंटा वाजली होती, सगळे कोटावर बिल्ले लावून बसले होते, आणि एकोणीस वर्षांची मुलगी अध्यक्षांना म्हणाली, "साहेब, मुलांनी तुम्हाला हो म्हटलं, कारण तुम्ही विचारलंत तेच मुळी हो म्हणण्यासारखं. त्यांना दुसरं काही म्हणायची सवय नाही."

कोणीतरी म्हणाले, "पोरी, बस खाली."

"नाही, तिला बोलू द्या," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

पुढच्या रविवारी साहेब स्वतः आमच्या दोन खोल्यांत आले. पांढरा सूट नव्हता. जमिनीवर बसले, डोक्यावरची टोपी काढून तोंडापुढे धरली आणि टोपीआडून विचारले, "माधव, आज भाजी कसली केली आहे?" मी म्हणालो, "वांग्याची." त्यांनी टोपी खाली घेतली. त्या उंच माणसाचे डोळे भरले होते. "शाबास," ते म्हणाले, आणि मग आईकडे वळून, "आमची चूक झाली." मंचावरचा पहिला शब्द आपला, असा दावा त्यांनी हयातीत कधीही केला नाही. तो त्यांच्या नातवाने त्यांच्यावर लादला आहे. त्यांच्या आठवणीचा त्याने सन्मान केला असे त्याला वाटते. मला वाटते त्याने त्यांची त्या जमिनीवर बसण्याची किंमत पुसून टाकली.

त्यानंतर क्लबने यंत्रे मंचावरून दिली नाहीत. युवक मंडळाची मुले घरी जात, सेल घालून यंत्र लावत आणि तोंड झाकून विचारत. विचारायचे ते असे की ज्याचे उत्तर हो किंवा नाही असू शकत नाही. मीही पुढे त्या मंडळात आलो आणि वाघोलीपर्यंत सायकल मारत कितीतरी घरी तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसलो. कागदापलीकडून पहिले खरे उत्तर आले की दर वेळी माझ्या अंगावर काटा येई. महिन्याची तपासणी मी पार पाडली, सातवीत बसलो, आणि दिवाळीपर्यंत वडिलांना त्यांचा जोडीदार मिळाला होता. ते मोठ्याने वाचत, मी ताडत असे. स्मरणिकेत वसुधाताई शेवटच्या पानावर आहे. 'इतर स्वयंसेवक' या शीर्षकाखाली. आडनावात चूक आहे.

नातवाने परवा पुन्हा दूरध्वनी केला. "काका, पण साठ वर्षांपूर्वीचं कोण सिद्ध करणार? तुमचा शब्द आणि आमची स्मरणिका."

मी म्हणालो, "तुझ्या स्मरणिकेवरच माझी भिस्त आहे."

त्याने त्या परिच्छेदाशेजारीच छायाचित्र छापले आहे. साहेब वाकलेले आहेत, ओठ उघडे आहेत. रांगेत शेवटचा मी, कानात बोंड, मान किंचित खाली. यंत्रे सर्वांची लावून झालेली. पुढे टेबल, टेबलावर तबक. मी वडिलांचे पितळी मुठीचे भिंग काढले, खिडकीजवळ बसलो आणि तबकातली शिक्का मारलेली, बंद, तपकिरी पाकिटे मोजली. तीनदा मोजली.

अठरा आहेत.